स्वप्नाच्या नावाचं रक्त

आमच्या घरात देवाचं काही चुकलं तर घर डोक्यावर घेतात, आणि माणसाचं चुकलं तर ‘होतं असं’ म्हणून पुढच्या कामाला लागतात. मी या घरची थोरली सून, लतिका. दोन हजार तीन सालच्या गौरीत जे घडलं ते सांगताना अजूनही माझा आवाज चढतो. चढला तर चढू दे. ज्यांनी तेव्हा आवाज चढवायला हवा होता ते सगळे गप्प बसले होते.

आम्ही मूळचे संगमेश्वराकडचे. सासऱ्यांचं भावांशी बिनसलं तेव्हा त्यांनी गणपती आणि गौर दोन्ही विरारला, बोळिंजच्या फ्लॅटमध्ये आणली. पुढे सासरे गेले, पण सासूबाईंनी, म्हणजे वसुंधराबाईंनी, एकही रीत सोडली नाही. त्यातली सगळ्यात मोठी रीत ओवशाची. नव्या सुनेच्या माहेराहून सुपं येतात. त्यांत पानं, फळं, नारळ, खाऊ भरायचा आणि त्या सुनेनं गौरीपुढे उभं राहून ती सुपं हलवत गौरीला ओवसायचं. हा पहिला ओवसा झाला की सून खरी घरची झाली. पण तो कुठल्याही वर्षी होत नाही. गौर पूर्वा नक्षत्रात, म्हणजे सूर्य त्या नक्षत्रात असताना, यावी लागते. माझ्या लग्नाच्या वर्षीच पूर्वा आली, म्हणून मी सुटले. माझी धाकटी जाऊ स्वप्ना हिच्या लग्नानंतर दोन गणपती आले आणि गेले, पूर्वा काही आली नाही. दोन वर्षं ती पोरगी हळदीकुंकवाला मागे मागे बसायची, आणि कुणीतरी विचारायचंच, “हिचा ओवसा व्हायचाय ना अजून?”

त्या वर्षी पूर्वा आली. सासूबाईंनी नालासोपाऱ्यापासून डोंबिवलीपर्यंत सगळ्या नातेवाइकांना आमंत्रणं दिली. स्वप्नाला आई नव्हती. वडिलांनी चिपळूणहून सुपं पाठवून दिली, सोबत एक साडी आणि खाज्यांचा मोठा पुडा. आता एकच भीती होती, नेमकी त्या दिवशी पाळी आली तर? तर त्यावरही उपाय होता. सासूबाईंनी तिला आठवडाभर आधीपासून पाळी लांबवायच्या गोळ्या सुरू केल्या. ही आता रीतच झाली आहे. आमच्या नाक्यावरचा मेडिकलवाला श्रावण संपत आला की या गोळ्या पुढच्या खणात आणून ठेवतो.

गौर येणार त्या दिवशी सकाळी स्वप्ना भाकऱ्या थापत होती. मध्येच तिचा हात थांबला.

“ताई, बेंबीभोवती कसंतरीच होतंय,” ती मला म्हणाली, आणि पीठ लागलेल्या हातांनीच मोरीकडे धावली. उलटी झाली. तोंड धुऊन परत आली, पुन्हा भाकरी थापायला बसली. मी तिला उठवलं आणि आत झोपवलं.

सासूबाईंनी खोलीच्या दारातूनच निदान केलं. “गोळ्यांचं आहे ते. पाळी आत अडकून बसलीय, म्हणून दुखतंय. ओवा दे तिला आणि शेकायची पिशवी दे.”

मी ओवा दिला, पण काय दुखतंय ते कळल्याशिवाय पोट शेकू नये म्हणून पिशवी मात्र दिली नाही. दुपारपर्यंत स्वप्नाला सरळ उभं राहता येईना. पोटाला हात लावून वाकून चालायची. जेवणाचं ताट बघूनच तिला मळमळायला लागलं. मी म्हटलं, डॉक्टरकडे नेते. सासूबाई म्हणाल्या, “ने. पण मीही येते. पाळीचं दुखणं आहे का, एवढंच विचारायचंय. तसं असेल तर आत्ताच कळलेलं बरं, तिला बाजूला बसवता येईल. उद्या ऐन वेळी विटाळ नको.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोरगी वेदनेनं वाकलीय आणि यांना तिच्या पोटात काय आहे ते कळायला हवंय, पण कशासाठी, तर तिला सोवळ्यात धरायचं की ओवळ्यात हे ठरवायला. स्वप्नाचा नवरा परेश, म्हणजे माझा दीर, अंधेरीला कॉम्प्युटरच्या कंपनीत काम करतो. गणपतीची रजा घेऊन घरी होता. तो मखराला दिव्यांची माळ लावत होता. “वहिनी, तुम्ही जाताय ना? मग ठीक आहे,” एवढंच म्हणाला. माझा नवरा तेव्हा नागपूरला नोकरीवर होता. असता तरी त्यानंही माळच लावली असती, हे मी तोंडावर सांगते.

आमचे डॉक्टर व्हॅलेरियन आगाशीच्या रस्त्यावर बसतात. तिथपर्यंतच्या रस्त्याला खड्डे म्हणावं की खड्ड्यांना रस्ता, असा प्रश्न होता तेव्हा. प्रत्येक खड्ड्याला स्वप्ना माझा दंड घट्ट धरायची. डॉक्टरांनी तिला झोपवलं आणि पहिलाच प्रश्न विचारला, “रिक्षा आदळली की पोटात दुखत होतं का?”

ती म्हणाली, हो.

त्यांनी पोट हलक्या हातानं दाबून पाहिलं, एकदम हात सोडला, तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. गोळ्यांचं मी सांगितलं, सासूबाईंनी डोळे वटारले तरी सांगितलं. लघवी तपासून दिवस गेलेले नाहीत याचीही त्यांनी खात्री करून घेतली. सगळं झाल्यावर सासूबाईंनी आपला प्रश्न विचारलाच. “डॉक्टर, पाळीचं आहे का तेवढं सांगा.”

“काकू, पाळी तुमच्या डोक्यात आहे,” डॉक्टर म्हणाले. “हिच्या पोटात अपेंडिक्स असावं असं मला वाटतंय. नक्की सांगता येत नाही. सोनोग्राफी केली असती, पण तो माणूस गणपतीला गावाला गेलाय. रक्त तपासू.”

मग त्यांनी कागद उलटा करून आम्हाला समजावून सांगितलं. हे त्यांचं मला नेहमी आवडतं, पेशंटला गाढव समजत नाहीत. आत कुठे सूज आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी वाढतात. आणि सीआरपी म्हणून एक असतं, तेही वाढतं, पण त्याला वेळ लागतो, निदान अर्धा दिवस. “त्यामुळे आत्ताचं रक्त चांगलं आलं तर नाचू नका,” ते म्हणाले. “दुखणं सकाळी सुरू झालंय. उद्या सकाळी पुन्हा रक्त घ्यायचं. उद्याही दोन्ही नॉर्मल आली तर अपेंडिक्स बहुतेक नाही, मी निर्धास्त. चढलेली आली तर थेट सर्जनकडे. मला उद्याचं रक्त महत्त्वाचं आहे.”

“उद्या गौरीपूजन आहे,” सासूबाई म्हणाल्या. “हिचा ओवसा आहे.”

“असू दे. लॅबचा माणूस सकाळी घरी येईल. हिला उठावं लागणार नाही. पाच मिनिटांचं काम.”

संध्याकाळी पहिला रिपोर्ट आला. पेशी थोड्याशा वाढलेल्या, सीआरपी नॉर्मल. डॉक्टरांनी फोनवर पुन्हा तेच सांगितलं, की हा आजचा रिपोर्ट म्हणजे निकाल नव्हे. पण आमच्या घरी तोपर्यंत गौर आली होती, बायका जमल्या होत्या, आणि सासूबाई प्रत्येकीला सांगत होत्या, “रक्त तपासून आणलं हो. अगदी चांगलं आहे. पाळीचंही नाही. जरा पित्त झालंय.” म्हणजे डॉक्टरांनी अर्धं वाक्य बोलावं आणि यांनी त्याचा पूर्णविराम करावा.

आत स्वप्ना पाय पोटाशी घेऊन कुशीवर पडली होती. दुखणं आता बेंबीपासून सरकून उजवीकडे खाली आलं होतं. अंग कोमट लागत होतं. मी सासूबाईंना बाजूला घेतलं. म्हटलं, “आई, उद्या तिला उभं राहवणार नाही. मी धरते सुपं तिच्या नावानं. माझा ओवसा झालेला आहे, सवाष्ण आहे, काय हरकत आहे?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी गौरीचा मुखवटा विकायला काढला होता.

“ओवसा दुसरीच्या हातून चालत नाही, लतिका. जिचा तिनंच करायचा असतो. देव काय आंधळा आहे? माझ्या वेळी पूर्वा यायला तब्बल पाच वर्षं लागली. पाच वर्षं मी सासूची बोलणी खाल्ली. अंगात ताप होता तरी उभी राहिले मी त्या दिवशी. हिलाही होईल.”

त्या पाच वर्षांबद्दल मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. पण ज्या काठीनं आपल्याला मारलं ती काठी फेकून द्यायची सोडून जपून ठेवायची आणि पुढच्या सुनेसाठी तेल लावून तयार करायची, हे मला आयुष्यात कधी कळलं नाही.

सकाळी मला बाजारात पिटाळलं. होळी गावच्या वाडीवाल्या बायका गौरीच्या दिवशी विरारच्या बाजारात भाजी आणि पानं घेऊन बसतात, सोळा भाज्या एका जागी मिळतात. निघताना मी पुन्हा सांगितलं, “लॅबचा माणूस येईल. परेश, तुम्ही घरातून हलू नका.” परेश म्हणाला, “हो वहिनी, मी आहे ना.”

मी पिशव्या घेऊन परत आले आणि चप्पल काढायच्या आत विचारलं, “रक्त नेलं का?”

“नेलं की,” सासूबाई म्हणाल्या. “केव्हाच नेलं.”

मी निश्चिंत मनानं भाज्या चिरायला बसले. अधूनमधून आत डोकावत होते. स्वप्नाचा चेहरा उतरला होता, ओठ सुकले होते. ती दात दाबून पडून होती आणि मला सारखं विचारत होती, “ताई, रिपोर्ट आला?” तिलाही तो रिपोर्ट हवा होता. आपलं दुखणं खरं आहे असं घरातल्या कुणाला तरी सांगायला तिच्याकडे दुसरं काही नव्हतं.

दुपारी डॉक्टरांचा फोन आला. मी घेतला. आवाजात सुटल्यासारखा भाव होता. “पेशी एकदम नॉर्मल. कालच्यापेक्षाही कमी. सीआरपी नॉर्मल. मला थोडं आश्चर्य वाटलं, पण चांगलं आहे. अपेंडिक्स नसावं. दुखणं वाढलं तर मात्र घेऊन या.”

मी ते मोठ्यानं सांगितलं. सासूबाईंनी गौरीला हात जोडले. आणि खरं सांगते, मीही जोडले. त्याच वेळी आतून स्वप्ना भिंतीला धरून बाहेर आली आणि म्हणाली, “ताई, आत्ता एकदम दुखायचं थांबलं.”

मग काय विचारता. रिपोर्ट चांगला, दुखणं थांबलेलं, देवीनं ऐकलं. हॉलमध्ये बसलेल्या बायकांनी गौरीची आरतीच ओवाळली जवळजवळ. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वप्नाला वडिलांनी पाठवलेली साडी नेसवली, केसांत गजरा माळला, सुपं भरून पाटावर मांडली. तिच्या कपाळावर घाम होता. मी पदरानं पुसला. घाम गार होता.

ज्ञानदा, माझी नणंद, बी. कॉम.ला होती तेव्हा. ती स्टुलावर चढून गौरीच्या मागची जाई-जुईची वेणी नीट करत होती. हात वर केल्यावर तिची बाही मागे सरकली. कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा आणि त्यावर पांढरी चिकटपट्टी.

मला क्षणभर काहीच समजलं नाही. मग मी स्वप्नाचा डावा हात धरला, बांगड्या मागे सारल्या. कालच्या सुईचा निळा डाग होता. उजवा हात धरला. त्यावर काहीच नव्हतं.

“ज्ञानदा, हे काय आहे हाताला?”

ती स्टुलावरून उतरली. आधी आईकडे बघितलं तिनं. “मी स्वप्नावहिनीच्या नावानं दिलं ना सकाळी.”

“काय दिलं?”

“रक्त. आई म्हणाली तिच्या नावानं तू दे. तो माणूस आला, म्हणाला स्वप्ना साळवी कोण, मी हात पुढे केला. वहिनी आत पडून होती, तिला वाटलं कालचंच रक्त पुन्हा तपासतायत.”

मी सासूबाईंकडे वळले. त्या सुपातली पानं सारखी करत होत्या. हात थांबला नाही त्यांचा.

“त्यात एवढं काय झालं?” त्या म्हणाल्या. “ओवशाच्या दिवशी, पूजेच्या आधी, सवाष्णीच्या अंगातून रक्त काढायचं? तो विटाळच की. डॉक्टर ख्रिस्ती, त्याला आपलं काय कळणार? त्याला रक्त हवं होतं, दिलं. कागदावर नाव तिचंच आहे ना? आणि दोघी एकाच घरातल्या, एकाच चुलीवरचं जेवतात. असा कितीसा फरक पडणार?”

मी आयुष्यात पुष्कळ मूर्खपणा ऐकला आहे, पण इतक्या शांतपणे सांगितलेला नाही. त्यांना खरंच त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आजारी माणसाचा उपास दुसऱ्यानं धरायचा, एकाच्या नावानं दुसऱ्यानं नवस फेडायचा, हे त्यांनी जन्मभर पाहिलेलं. रक्त तपासणं म्हणजे डॉक्टरांच्या देवाचं काहीतरी असणार, ते कुणीतरी करून टाकलं की झालं. म्हणजे ओवसा तेवढा जिचा तिनं, आणि रक्त कुणाचंही चालेल.

“परेश,” मी म्हटलं, “तुम्ही घरात होतात ना?”

तो गणपतीच्या बाजूला उभा होता. “वहिनी, आई म्हणाली... मला वाटलं, काल नॉर्मलच आलं होतं, तर आजही...”

“तुम्हाला वाटलं.”

“आता दुखत नाहीये ना तिला,” तो म्हणाला.

मी हॉलमधूनच, सगळ्यांसमोर, डॉक्टरांना फोन लावला. म्हटलं, “डॉक्टर, सकाळचं रक्त स्वप्नाचं नव्हतं. माझ्या नणदेचं होतं.” मग त्यांनी विचारलं, दुखणं कसं आहे? मी सांगितलं, दुपारी एकदम थांबलं. त्यावर ते जे बोलले त्यातला शब्द न् शब्द मला आठवतो.

“थांबलं? लतिका, तेच वाईट आहे. अपेंडिक्स फुटलं की थोडा वेळ आराम पडतो. तिला पाण्याचा थेंबही देऊ नका. आत्ताच्या आत्ता सर्जनकडे न्या, मी त्यांना फोन करतो.”

मी फोन ठेवला आणि स्वप्नाच्या हातातलं सूप काढून पाटावर ठेवलं. “चल.”

सासूबाई मध्ये आल्या. “पाच मिनिटं, लतिका. उभीच आहे ती. एकदा ओवसून होऊ दे, मग ने कुठे न्यायचं तिथे. पुन्हा पूर्वा कधी येईल कोण जाणे.”

“पूर्वा येईल, आई,” मी म्हटलं. “ही येईल का ते बघा.”

नातेवाइकांपैकी एकही बाई उठली नाही. एकीनं तर म्हटलं, “अगो, सूप नुसतं हातात तरी धरू दे.” मी तिचं नाव इथे घेत नाही, पण त्यानंतर तिच्या घरी कधी पाण्यालाही गेले नाही. स्वप्नाला मी एका हातानं धरलं, दुसऱ्या हातानं पर्स घेतली. परेश चपला घालून मागून आला. आला एवढंच.

खाली अर्नाळ्याचा काळूराम रिक्षा घेऊन उभा होता, नेहमीचा माणूस. स्वप्नाचा चेहरा बघून त्यानं काही विचारलं नाही. “बसा बाई,” म्हणाला, “हलू नेतो. पानी नका देव तिला आता.” त्याच्याच घरात कुणाचं तरी झालं असणार असलं काही. प्रत्येक खड्डा त्यानं वळसा घालून चुकवला, मागून लोक हॉर्न मारत होते तरी. पण निम्म्या वाटेतच दुखणं परत आलं, आणि आता ते उजवीकडे नव्हतं, सगळ्या पोटभर होतं. पोट पाटासारखं कडक झालं होतं. स्वप्ना ओरडली नाही. “ताई, गजरा काढा ना, वास सहन होत नाही,” एवढंच म्हणाली. मी गजरा काढला आणि बाहेर फेकून दिला.

स्टेशनजवळच्या हॉस्पिटलात सर्जनबाई आमची वाट बघत होत्या. त्यांनी पोटाला हात लावला आणि लगेच ऑपरेशनची तयारी करायला सांगितली. त्याआधी रक्त घेतलं, स्वप्नाचंच, माझ्यासमोर. ऑपरेशन रिपोर्टसाठी थांबलं नाही. रिपोर्ट आला तेव्हा ती आत होती. पेशी दुपटीवर गेलेल्या, आणि सीआरपी इतकं की लॅबवाल्यानं ते दोनदा करून पाहिलं होतं.

बाहेर बाकावर परेश दोन्ही हातांत डोकं धरून बसला होता. “वहिनी, मला खरंच वाटलं नव्हतं,” तो म्हणाला. मी त्याला धीर दिला नाही. माझ्याकडे होता तेवढा मला हवा होता.

सर्जनबाई बाहेर आल्या तेव्हा दमलेल्या दिसत होत्या. अपेंडिक्स फुटलं होतं, पू पोटभर पसरला होता. धुऊन काढला, नळी ठेवली. “वाचेल असं वाटतंय,” त्या म्हणाल्या. “पण आत चिकटलेलं राहणार. पुढे मूल व्हायला त्रास होऊ शकतो, ते आत्ता सांगता येत नाही. सकाळी पाठवलं असतं तर लहानशी चीर पुरली असती. व्हॅलेरियन म्हणाले, सकाळी रक्त तपासलं होतं. मग कसं सुटलं?”

मी सांगितलं. ऐकून त्या परेशकडे बघत राहिल्या. त्यानं मान वर केली नाही.

डॉक्टर व्हॅलेरियन दुसऱ्या दिवशी आले. त्यांच्यावरही मी चिडलेच होते. म्हटलं, “तुम्हाला आश्चर्य वाटलं ना रिपोर्टचं? मग येऊन पोट का नाही बघितलं?” ते म्हणाले, “यायला हवं होतं.” सारवासारव केली नाही, एवढ्यासाठी मी त्यांना सोडलं. “नंबर खरे होते, लतिका,” ते म्हणाले. “फक्त दुसरीचे होते.”

स्वप्नाला तिथे पुष्कळ दिवस राहावं लागलं. रोज सकाळी रक्त घ्यायचे, सीआरपी उतरतंय का बघायला. उतरत होतं, पण सावकाश. गौर गेली, गणपती गेले. सासूबाई यायच्या, पायाशी बसायच्या, आणि उठून जायच्या. माझ्याशी बोलत नव्हत्या. चारचौघांत मी त्यांचा अपमान केला असं त्या सगळ्यांना सांगत होत्या. अपमान केलाच होता मी. तो करण्यासारखाच होता.

नळी काढली त्या दिवशी त्या एक सूप घेऊन आल्या. चिपळूणचंच, दोरा बांधलेलं. आतली पानं सुकून गेली होती. सूप त्यांनी पलंगाच्या कडेला ठेवलं आणि स्वप्नाच्या केसांवरून हात फिरवला. मला वाटलं, आता तरी बोलतील. आता तरी म्हणतील, पोरी, चुकलं माझं.

“वाईट वाटून घेऊ नकोस,” त्या म्हणाल्या. “तुझा ओवसा राहिला याचाच जिवाला घोर लागून राहिलाय माझ्या. पण पूर्वा परत येईल. तेव्हा थाटात करू.”

स्वप्ना त्यांच्याकडे बघत होती. लग्न होऊन आल्यापासून तिनं या बाईसमोर एकदाही उलट शब्द काढला नव्हता. आताही आवाज चढवला नाही. अंगात ताकदच नव्हती.

“कशाला थांबायचं, आई?” ती म्हणाली. “माझ्या नावानं ज्ञानदाला करू दे.”

“भलतंच काय,” सासूबाई पटकन म्हणाल्या. “असं चालतं होय? ओवसा जिचा तिनंच...”

आणि तिथेच थांबल्या.

तेवढ्यात नर्स सुई घेऊन आली. तिनं कागद बघून नाव विचारलं. स्वप्नानं आपलं पूर्ण नाव सांगितलं, बाही वर केली आणि हात पुढे धरला. सुई आत गेली, नळीत रक्त चढलं, तरी तिनं डोळे सासूबाईंवरून हलवले नाहीत.